इरलं, राहुटी आणि तीन हजार मिलिमीटर

जून लागला की मित्रमंडळींकडून एक ठरलेला प्रश्न येतो. "शनिवारी उंबरमाळीला जातोय, रात्री राहायचं नाही, पण दिवसभर पावसात थांबायचंय. तंबू कुठला घेऊ?" सोबत दोन-तीन तंबूंचे फोटो, किंमती आणि 'वॉटरप्रूफ ३००० मिमी' असलं काहीतरी. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कसारा लोकलने गेलं की खर्डीनंतरचं स्टेशन उंबरमाळी, त्याच्यापुढे कसारा. तालुका शहापूर, म्हणजे मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा ही धरणं ज्या तालुक्यात आहेत तोच. तिथे धरणं का बांधली असतील ह्याचा विचार केलात तर अर्धं उत्तर मिळालंच.)

उरलेलं अर्धं उत्तर माझ्या मते इतिहासात आहे. ह्या मुलखात पावसाशी तंबू घेऊन लढायचा प्रयोग आपल्या आधी बऱ्याच जणांनी केलाय, आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या बजेटने.

तंबू ही मुळात कोरड्या मुलखातली वस्तू. ऊन, धूळ, थंडी, वारा ह्यांच्यासाठी बनवलेली. मुघलांनी ती कुठल्या थराला नेली ते 'ऐन-ए-अकबरी'त दिलंय. बादशाही मुक्कामाचा एक संच हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. आणि असे संच दोन! बादशाह एकात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा राहायचा. आपल्या भाषेत रिडंडन्सी. सिस्टीम म्हणून बघितली तर थक्क व्हायला होतं. फक्त ही सिस्टीम सह्याद्रीसाठी डिझाईन केलेली नव्हती.

पहिला झटका आपल्या ह्याच भागाच्या वाटेवर बसला. साल १६३६. शहाजहान आणि आदिलशहा यांचा तह झाला, पण शहाजीराजे निजामशाहीच्या बाल-सुलतानाला घेऊन लढतच राहिले. त्यांच्या मागावर खान जमान निघाला आणि पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणून सुमारे महिनाभर काठावर बसून राहिला. पाणी उतरल्यावरच पुढे सरकला. शेवटी शहाजीराजांना माहुलीवर कोंडलं गेलं आणि पावसाळा सरल्यावर त्यांना शरण जावं लागलं, हे खरं. पण तो एक महिना फौजेने कमावला नव्हता, पावसाने दिला होता. माहुली म्हणजे आसनगावहून दिसणारा तोच सुळक्यांचा डोंगर, लोकलच्या खिडकीतून आपण बघतो तो.

पुढे औरंगजेबाने हा धडा पुन्हा, जास्त महाग दराने घेतला. १७०० साली साताऱ्याची मोहीम आटोपून त्याची छावणी माण नदीकाठी खवासपूरला पडली होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री अचानक पूर आला, तंबूंत पाणी शिरलं, आरडाओरडा झाला. ८१ वर्षांच्या बादशहाला वाटलं मराठ्यांचा हल्ला आला. तो घाईत उठला, घसरला आणि गुडघा निखळला. त्यानंतर मरेपर्यंत तो लंगडत होता. लक्षात घ्या, तंबू फाटला नव्हता, गळलाही नव्हता. जागा चुकली होती.

दोन वर्षांनी, १७०२ च्या जूनमध्ये, विशाळगड ताब्यात आला (लढून नव्हे, पैसे मोजून). आता पन्हाळ्याकडे परतायचं, अंतर जेमतेम तीस मैल. ऐन पावसात ह्या तीस मैलांना महिन्याहून जास्त दिवस लागले. चिखल, फुगलेले ओढे, मरून पडणारी जनावरं. ओला झालेला सुती तंबू कोरड्यापेक्षा किती जड होतो ह्याचा अंदाज ज्याने कधी ओली सतरंजी पिळलीय त्याला येईल. उंट तर बिचारा वाळवंटातला, त्याला निसरड्या घाटात उभं राहायलाच जमत नाही.

आता दुसरी बाजू. मराठ्यांनी पावसात तंबू वापरायचा प्रश्नच बाजूला ठेवला. सभासद बखरीत लष्कराचं वार्षिक वेळापत्रक आलंय: पावसाळ्यात छावणीला परत यायचं, तिथे दाणा, औषधं आणि गवताने शाकारलेली घरं आधीच तयार असली पाहिजेत, आणि दसरा झाला की बाहेर पडायचं. म्हणजे चार महिने घर, आठ महिने राहुटी. राहुटी, पाल हे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत, पण ते सगळे कोरड्या आठ महिन्यांचे शब्द आहेत, असं मला वाटतं.

आणि घरात राहूनसुद्धा काय होऊ शकतं ते १६७० च्या दशकातल्या चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या पत्रात आहे. हे पत्र बहुतेक जण रयतेच्या भाजीच्या देठासाठी उद्धृत करतात. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त आवडतो, कारण तो शुद्ध रिस्क ॲनालिसिस आहे. आत्ताच वैरण उधळलीत तर पावसात घोडी मरतील. कोणी गवताजवळ चूल पेटवील, कोणी चिलमीचा निखारा उडवील, कोणी दिवा जळता ठेवून झोपेल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, आणि एका गवताला लागलं की सगळी छावणी जाईल. स्वराज्य उभारणारा माणूस उंदराचा विचार करतोय! पावसाच्या दिवसांत आग जास्त धोक्याची, कारण सगळे जण तिला घेऊन आत येऊन बसतात. तंबूची चेन लावून आत स्टोव्हवर मॅगी शिजवणाऱ्यांनी हे पत्र जरूर वाचावं. नायलॉन गवतासारखाच पेटतो, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साईड साठतो तो दिसतही नाही.

थोडं मागे गेलं तर ह्याच शहाणपणाची आणखी जुनी आवृत्ती सापडते. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एका जागी थांबायचं, आणि त्यासाठी डोंगरात कोरलेली लेणी. मुरबाडच्या बाजूने वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढून गेलात तर वर सातवाहनांचं लेणं आहे, नागनिकेच्या शिलालेखाचं. त्यातला इतिहास जरूर बघा, पण ते बघताना ह्याकडेही लक्ष द्या की दोन हजार वर्षांनंतरही त्या घाटात पाऊस आला की माणसं धावत तिथेच शिरतात.

पण सगळ्यांना पावसात थांबून चालत नाही. भाताची लावणी भर पावसातच होते. चिखलात, कमरेत वाकून, दोन्ही हात कामात. शहापूर-मुरबाडच्या बायकांनी (आणि पुरुषांनीही) ह्यासाठी वापरलेली वस्तू म्हणजे इरलं. बांबूच्या कामट्यांचे दोन जाळीदार थर, मध्ये पळसाची किंवा सागाची पानं दाटून बसवलेली, आकार उलट्या अर्ध्या होडीसारखा. डोक्यावर अडकवलं की पाठ कमरेपर्यंत झाकली जाते.

माझ्या मते दिवसभराच्या पावसासाठी ह्या मुलखात ह्याहून चांगला 'तंबू' कोणी बनवला नाही. एकेक गोष्ट बघा. माणूस वाकलेला असतो, म्हणून इरलंही वाकलेल्या पाठीच्या मापाचं. पुढून पूर्ण उघडं, म्हणून आत घाम साचत नाही. कामट्यांमुळे पान अंगाला चिकटत नाही, मध्ये हवा राहते. पानं कौलांसारखी एकावर एक, त्यामुळे थेंब खालच्या पानावर उतरत कडेला जातो, अडवला जात नाही. हात मोकळे. पाऊस थांबला की बांधावर पालथं टाकायचं. कच्चा माल जवळच्या रानातला, दुरुस्ती घरच्या घरी. आता पानांच्या जागी बहुतेक वेळा प्लास्टिक असतं, पण सांगाडा आणि नाव तेच.

घोंगडीची खोळ ही त्याची जोडीदार. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली जाड लोकर, पाणी बरंच वरच्यावर झटकते आणि ओली झाली तरी ऊब सोडत नाही. वजन मात्र विचारू नका.

तर आता तुमचा ३००० मिमीवाला तंबू. तो आकडा म्हणजे कापडावर उभ्या केलेल्या पाण्याच्या स्तंभाची उंची, कापड पाझरायला लागेपर्यंतची. पाऊस कापडातून येतच नाही हो, एवढा आकडा पुरून उरतो. पाणी येतं शिवणीतून, सारख्या उघडाव्या लागणाऱ्या दारातून, ओल्या बुटांबरोबर, आणि सगळ्यात जास्त तुमच्याच श्वासातून. बाहेरची हवा दमटपणाने शंभर टक्के भरलेली असताना चार जण बंद घुमटात बसलात की तासाभरात आतून पाऊस सुरू.

म्हणून दिवसासाठी मी एकच सुचवतो: तळ नसलेलं साधं छत. तीन बाय तीन मीटरचा टार्प, कडांना मजबूत कड्या, दहा-पंधरा मीटर दोरी, आणि आधाराला एक-दोन काठ्या. आडवी दोरी ताणून त्यावर टार्प टाका. एक बाजू जवळजवळ जमिनीला टेकवा आणि ती नैऋत्य-पश्चिमेला ठेवा, कारण पावसाळी वारा तिकडूनच येतो. दुसरी बाजू उघडी. उतार भरपूर द्या, नाहीतर मध्ये पाण्याचा फुगा धरतो. ताणलेल्या दोरीवरून थेंब ओघळत आत येतात, त्यासाठी छताच्या अलीकडे दोरीला एक लोंबती सुतळी बांधा, पाणी तिच्यावरून खाली पडेल. थोडक्यात, चार जणांचं इरलं.

जागेचं म्हणाल तर औरंगजेबाचा गुडघा आठवा. ओढ्याच्या काठची सपाट, छान वाळू दिसली की तिथे बसायचं नाही. वर घाटात पडलेला पाऊस तुम्हाला दिसत नसतो. विजा होत असतील तर उघड्या पठारावरही नाही आणि एकट्या झाडाखालीही नाही.

आणि खाचरांच्या बांधाला खुंट्या ठोकू नका. कातळावर माती वीतभरही नसते, म्हणून बांधाची मऊ माती बघून मोह होतो. पण त्या भोकातून पाणी वाट काढतं, बांध फुटतो, आणि कोणाच्या तरी लावणीचं पाणी एका रात्रीत खाली उतरून जातं. दोरी मोठ्या दगडाला गुंडाळली तरी छान धरते, आणि उंबरमाळीच्या आसपास दगडांची काही कमी नाही.