फायलीच्या पोटातलं मराठी

युनिक्सवर 'फाइल' नावाची एक कमांड आहे. नाव इतकं साधं की कुणाचं लक्ष जाऊ नये, पण वय बघा! १९७३ साली युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत ती आली. तिचा स्वभाव जुन्या कारकुनासारखा. फायलीवर काय नाव लिहिलंय यावर विश्वास ठेवायचा नाही, आत डोकावून ठरवायचं.

आपल्याकडे पत्राच्या डोक्यावर 'श्री' लिहायची पद्धत, तशी बऱ्याच प्रकारच्या फायलींच्या सुरुवातीला एक खूण असते. झिपची सुरुवात 'पीके'ने, म्हणजे तो प्रकार काढणाऱ्या फिल काट्झची आद्याक्षरं. वर्डच्या जुन्या फायलीचे पहिले चार बाइट सोळा-आधारी आकड्यांत लिहिले की 'डी० सीएफ ११ ई०' होतात. जरा तिरकं वाचलं तर 'डॉकफाइल'! (कुणीतरी बसून हे जुळवलं असणार.)

या खुणांना मॅजिक नंबर म्हणतात. त्यांतला मूळपुरुष पीडीपी-११ या यंत्रावरचा ०४०७. गंमत म्हणजे ती खूण नव्हतीच, यंत्राला दिलेली खरीखुरी सूचना होती : सुरुवातीची माहिती ओलांडून पलीकडे उडी मार. पुढे तीच ओळख झाली. अशा खुणांची यादी आधी प्रोग्रॅमच्या आतच असे, सिस्टीम फाइव्हने ती वेगळ्या फायलीत काढली. मग कॅनडातल्या इयन डार्विनने १९८६-८७मध्ये ही कमांड नव्याने लिहून सर्वांना खुली केली. लिनक्सवर आपण वापरतो ती हीच.

आता परभणी. एका डीटीपीवाल्या मित्राने दुकान आवरलं तेव्हा जुन्या हार्ड डिस्कची प्रत मला दिली. सेलू, जिंतूर, गंगाखेड असे फोल्डर, त्यांत आणखी फोल्डर, आणि फायलींची नावं 'न्यू', 'फायनल२', 'साहेब'. एक्स्टेन्शनचा पत्ता नाही. आत शाळांच्या स्मरणिका, गावोगावच्या सत्कारांचे अंक. छापील प्रती मिळणं आता मुश्कील.

चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. 'फाइंड'ने सगळे फोल्डर धुंडाळायचे, प्रत्येक फायलीवर 'फाइल' चालवायची आणि उत्तरं 'सॉर्ट', 'युनिक'कडून मोजून घ्यायची. फोटो, पीडीएफ, वर्ड चटकन वेगळे झाले. मराठी मजकुरावर मात्र उत्तर आलं, 'नॉन-आयएसओ एक्स्टेंडेड-आस्की', नाहीतर नुसतंच 'डेटा'. बनी तो बनी, नहीं तो परभणी!

कमांडचा यात दोष नाही. इस्की हे भारतीय मानक १९९१ साली झालं होतं, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीही होती. दुकानांत मात्र कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी चालत. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवायची, हा त्यांचा सगळा कारभार, आणि प्रत्येकाची बसवण्याची तऱ्हा निराळी. म्हणजे मराठी फाँटमध्ये होतं, फायलीत नव्हतंच. वर्डच्या फायलीत फाँटचं नाव तरी असतं. साध्या टेक्स्टमध्ये तेही नाही.

मग खूण आपणच शोधायची. मराठी मजकूर म्हटला की 'आहे' येणारच. कृतिदेव टंकयंत्राच्या कळफलकावर चालतो, त्यामुळे त्यात 'आहे' म्हणजे व्ही-के-जी-एस. शिवाजीत ए-ए-एच-ओ, पहिला ए मोठ्या लिपीतला. स्क्रिप्टमध्ये 'ग्रेप'ची भर घातली आणि फाँटप्रमाणे गठ्ठे पडत गेले. स्मरणिका निघाल्या, सत्कार निघाले. लग्नपत्रिकाही सुटल्या नाहीत, 'करण्याचे योजिले आहे' असतंच ना!

ज्या राहिल्या त्या हाताने उघडून पाहिल्या. बहुतेक कविता. त्यांत 'आहे' फारसं लागत नाही. तिथे बहुधा 'तुझ्या' शोधावं लागेल.