किडकिडीत माणसाची साखर

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासावे लागते, म्हणून एका सकाळी मी उपाशीपोटी प्रयोगशाळेत गेलो. संध्याकाळी अहवाल हातात आला, तेव्हा वाटले की दुसऱ्याच कुणाचा कागद आपल्याला दिला. उपाशीपोटीची साखर १८६! माझी उंची साडेपाच फूट, वजन अठ्ठावन्न किलो. तीस वर्षे रोज पहाटे पर्वती चढतो आहे, चहात साखर जेमतेम अर्धा चमचा. आमचे शेजारी तर हसलेच. म्हणाले, "सर, तुम्हाला कसली साखर? तो जाड्या माणसांचा आजार."

मलाही तसेच वाटत होते. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तेव्हा गोळ्यांबरोबरच मी या समजुतीचा इतिहासही शोधू लागलो. त्यासाठी लांब जावे लागले नाही. त्यातला मोठा भाग आपल्या पुण्यातच घडला आहे.

पुण्याला व्यायामाचे वेड जुने. पेठापेठांतल्या तालमी, लाल मातीचे आखाडे, १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी स्थापन केलेले महाराष्ट्रीय मंडळ, ही सगळी त्याची साक्ष. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले, ही गोष्ट आपण मुलांना हौसेने सांगतो. त्याच लोकमान्यांना पुढे मधुमेह जडला आणि मंडालेच्या तुरुंगात १९०८ ते १९१४ या काळात पथ्य सांभाळून दिवस काढावे लागले, हे मात्र सांगायचे राहून जाते. व्यायाम फुकट गेला असा याचा अर्थ नव्हे. पण कमावलेले शरीर म्हणजे अभेद्य चिलखत, ही आपली पहिली चूक.

दुसरी चूक सडपातळपणाची. गंमत म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांनी ती केली नव्हती. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार दिले आहेत : एक जन्मतःच येणारा, दुसरा कुपथ्याने होणारा. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. आजच्या वैद्यकातले प्रकार वेगळे आहेत, पण रोडका मधुमेही त्या ग्रंथकारांनी पाहिला होता, एवढे नक्की. आपण मात्र त्याला विसरलो.

त्याची पुन्हा आठवण करून दिली ती रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाने. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना असे दिसले, की आपल्याकडचे मधुमेही पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा वयाने लहान आणि वजनाने हलके असतात. मात्र त्यांच्या पोटाभोवती चरबी असते. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना सारखेच गुण देत होता. दिसायला बारीक, आतून चरबीदार. हा निर्देशांक मुळात एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाने युरोपीय लोकांची मापे घेऊन सुचवला, हे कळल्यावर मला त्या घोटाळ्याचे फारसे नवल वाटले नाही. आपल्याकडे जोखीम २३ पासूनच धरावी, आणि कंबर पुरुषाची ९० व बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे आता डॉक्टर सांगतात.

पण ही चरबी येते कुठून? येथे गोष्ट माझ्या विषयात शिरते. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून दायांनी बाळांची वजने वह्यांत टिपून ठेवली होती. डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वह्या शोधल्या, त्यांतली माणसे उतारवयात गाठली, आणि जन्मतः हलक्या असलेल्यांना पुढे मधुमेह व हृदयविकार अधिक होतो, असे दाखवले. दप्तरखान्यातली वही माणसाचा आजार सांगू शकते, हे इतिहासाच्या मास्तराला किती सुखावणारे! याच विचाराने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुमारे आठशे गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. त्यांचे सरासरी वजन गरोदर होण्यापूर्वी बेचाळीस किलोसुद्धा नव्हते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळे हाडामांसाने बारीक होती, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने राखून होती.

या खेड्यांनी आपले आणखी दोन समज मोडले. गरोदरपणी कमी खाल्ले की बाळ लहान आणि बाळंतपण सोपे, हा एक. शेवटपर्यंत कष्टाची कामे केलेली चांगली, हा दुसरा. ज्या बायका पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे मोठी होती. पाणी वाहणे, धुणी, शेतकाम यांचा भार जास्त त्यांची लहान. आणि सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते वनस्पतींत नसते. दूध, अंडी, मांस-मासे यांतून मिळते. 'शाकाहार म्हणजे आपोआप परिपूर्ण आहार' म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे ऐकून ठेवावे.

आता एक हिशेब करा. १९९३ साली एकविशीत असलेल्या या आयांचा जन्म कधीचा? १९७२ च्या आसपासचा. म्हणजे मिलोच्या भाकरीचा, सुकडीचा, खडी फोडण्याचा काळ. त्या दुष्काळाचा वाटा किती, हे मी ठरवू शकत नाही. पण आईच्या ताटाचा इतिहास लेकराच्या अंगात उतरतो, असे म्हणायला माझे मन धजते.

त्या खेड्यांतली बाळे अठरा वर्षांची झाली, तेव्हा पुन्हा तपासली गेली. जवळजवळ निम्मी मुले कमी वजनाची होती. तरीही मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर सामान्य मर्यादेपेक्षा वर होती, बहुतेकांची मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ज्यांच्याकडे पाहून आपण "काटक आहे हो पोरगा" म्हणतो, त्यांतलीच ही पोरे. म्हणून २०१२ पासून त्यांना, पुढे आई-बाप होण्याच्या आधीच, ब-१२ च्या गोळ्या देऊन पाहण्याचा प्रयोग झाला. उपचार रोग्यावर नाही, त्याच्या अजून न जन्मलेल्या मुलावर!

गेल्या वर्षी आमच्या घरी नात आली. वजन २.४ किलो. लगेच घरात ठराव झाला, हिला चांगली गुटगुटीत करायची. माझ्या आईनेही मला असेच वाढवले होते. गुटगुटीत बाळांच्या स्पर्धेतला माझा फोटो अजून कपाटात आहे. केईएममध्येच जन्मलेल्या मुलांचा अभ्यास मला त्या वेळी आठवला. जन्मतः लहान पण आठव्या वर्षी अंगाने भरलेली, अशा मुलांच्या रक्तातच धोक्याच्या खुणा सर्वांत जास्त होत्या. मी सुनेला म्हटले, "अगं, तिला पोटभर दे. आईचे दूध दे, पुढे वरणभात, भाजी, अंडे सगळे दे. तिची वाढ झालीच पाहिजे. पण शेजारच्या बाळाशी वजनाची शर्यत नको. आणि तिच्याआधी तू नीट जेव." सून हसली. पण त्या दिवसापासून ती सगळ्यांच्या मागाहून उरलेले जेवायला बसत नाही, हे मी पाहतो आहे.

पर्वती मी अजूनही चढतो. आता मात्र चढून झाल्यावर, व्यायाम केला म्हणून दोन वडे हक्काने खात नाही. साखरेऐवजी गूळ चालतो, हा समजही सोडला. रक्ताला दोन्ही सारखेच. आणि तिशी ओलांडलेला कुणी सडपातळ विद्यार्थी भेटला, की मी त्याला सनावळ्या विचारत नाही. विचारतो, "जन्मताना तुझे वजन किती होते रे? आणि साखर कधी तपासलीस?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)