बेकोजीची फातुमा

सख्यांनो, इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये ४२ किलोमीटरची मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकला. बायकांना मात्र ऑलिंपिकमध्ये ही शर्यत १९८४ पर्यंत नव्हतीच. झेपायची नाही म्हणे! पाणी, सरपण वाहताना हे कुणाला का आठवत नाही, असं आम्ही विचारतो.

फातुमा रोबा त्याच देशातली, बेकोजीकडच्या शेतकरी घरातली. तो भाग उंचावरचा, हवा विरळ. तिथं धावणाऱ्याचा दम वाढतो. १९९६ ला अटलांटात तिनं २ तास २६ मिनिटं ५ सेकंदांत ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली. आधीच्या ऑलिंपिकची विजेती पुरी २ मिनिटं मागं! हे सुवर्णपदक मिळवणारी पहिली आफ्रिकन बाई फातुमाच. पुढं अमेरिकेतली बोस्टन मॅरेथॉन तिनं १९९७ ते १९९९ अशी सलग तीनदा जिंकली. त्याच बोस्टनला १९७२ पर्यंत बायकांना रीतसर नावही नोंदवता येत नव्हतं.