गव्यासाठी रायफल कुठली?

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात गर्दी असते ती पेंढा भरलेल्या वाघांपुढे. मी मात्र बंदुकांपाशी रेंगाळतो.

खरं तर कोल्हापूरची गाजलेली शिकार बंदुकीविनाच व्हायची. पाळीव चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, डोळ्यांवरची टोपी काढायची आणि काळविटावर सोडायचा. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले गेले.

दाजीपूरच्या जंगलात हे जमणारं नव्हतं. तिथं कारवी, धुकं आणि टनभर वजनाचा गवा. तो दिसायचाच मुळी हाकेच्या अंतरावर. जखमी होऊन अंगावर आला तर रायफल भरायला वेळ कुठला? म्हणून अशा जंगलासाठी पसंती दुनळी रायफलीला असे. बहुतेक दुनळींत दोन चाप, दोन स्वतंत्र कळा. एक अडली तरी दुसरी चालते. वाघासाठी मऊ टोकाची गोळी, गव्याच्या जाड हाडांसाठी पूर्ण मढवलेली. तिन्हीसांजेला नेम दिसावा म्हणून पुढच्या माशीवर हस्तिदंती ठिपका. आणि काडतूस भलंमोठं, कारण कॉर्डाइट दारूचा दाब उन्हाळ्यात वाढतो. विलायतेच्या थंडीत बेतलेलं काडतूस इथं उडवल्यावर नळीतच अडकून बसायचं. मोठ्या काडतुसात दाब कमी राहतो.

गंमत पुढेच आहे. मोठ्या शिकारीसाठी .४५० बोअर लोकप्रिय होता. पण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा बोअरही तोच. काडतुसं बंडखोरांच्या हाती पडतील या धास्तीनं इंग्रजांनी १९०७ साली हिंदुस्थानात त्याची आयात बंद केली. मग लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ असे जरा मोठे बोअर काढले. त्यातला .४७० आफ्रिकेत शिकार घडवून आणणारे वाटाडे आजही वापरतात. पाहुण्याचा नेम चुकला तर जनावर थोपवायचं काम त्यांचं. हत्यार बहुधा त्यांचं स्वतःचं.

आपल्याकडे तसं नव्हतं. संस्थानी शिकारीत माग काढणारा पुढे चालायचा, रायफल मागच्या माणसाच्या मालकीची. दस्त्याची लांबी, वाक, सगळं मालकाच्या अंगमापाचं. बंदूक वाहणाऱ्यानं पाच किलोचं ते धूड दिवसभर खांद्यावर न्यायचं आणि ऐन वेळी दुसऱ्याच्या हाती द्यायचं. जखमी गव्याच्या मागावर कारवीत आधी पाऊल पडायचं ते मागकऱ्याचं. त्याच्या खांद्याचं माप कोणी घेतलं असेल, असं मला वाटत नाही. मालकांची नावं तसबिरींखाली आहेत; याचं नाव शोधायचं तरी कुठे?

१९५८ साली दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झालं. १९७२च्या कायद्यानं गव्याला देशभर संरक्षण मिळालं. आता गवे उसात उतरतात, कधी थेट शहराच्या वेशीपर्यंत येतात. तेव्हा वनखात्याची माणसं आधी बघ्यांची गर्दी मागे रेटतात आणि अंधार पडून गवा आल्या वाटेनं परतायची वाट बघत उभी राहतात. बहुतेकांच्या हातात काठी असते.