पांढऱ्या डागाचा मागोवा

चायनीजच्या गाडीवर मिरच्यांचे तुकडे बुडवलेली बाटली असते, त्यातलं आंबट पाणी म्हणजे व्हिनेगर. त्यातलंच आम्ल, 3 ते 5 टक्क्यांचं, कापसाच्या बोळ्याने गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो, पेशी बिघडू लागल्या असतील तिथे पांढरा डाग उमटतो. कॅन्सर अजून काही वर्षं दूर असतो, तेव्हाच. 'अंगावरून पांढरं जातं' एवढंही बायका खालच्या आवाजात सांगतात, त्या मुलखात हे दुसरं पांढरं पोचायला पाऊण शतक लागलं.

हान्स हिन्सेलमान यांनी 1925 साली जर्मनीत भिंग आणि दिवा जोडून कोल्पोस्कोप बनवला. त्यातून पाहताना आड येणारा चिकट स्राव पुसायला आम्ल हाताशी आलं, आणि डाग दिसू लागला. (याच हिन्सेलमान यांना युद्धानंतर सक्तीच्या नसबंदीबद्दल शिक्षा झाली. सगळेच पूर्वज अभिमानाचे नसतात.)

पण जग जिंकलं ते पॅप स्मिअरने, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशी काचेवर पसरून तपासण्याने. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज पापानिकोलाऊ गिनीपिगच्या पेशी तपासता तपासता बाईच्या पेशींकडे वळले. त्यांची पत्नी मेरी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने देत राहिली. 1943 साली हर्बर्ट ट्राउट यांच्यासह त्यांचं पुस्तक आलं. श्रीमंत देशांत या तपासणीने मृत्यू खूप घटवले. मात्र तिला काच, रंग, प्रयोगशाळा आणि पेशी वाचणारी तयार नजर लागते. रिपोर्ट येईस्तोवर आमच्याकडची बाई ऊसतोडीला गेलेली असते.

म्हणून भिंग बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी डाग पाहायची कल्पना पुढे आली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने 1998 पासून सुमारे दीड लाख बायकांवर ती अजमावली. निम्म्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी तपासणी केली. बारा वर्षांनी त्या वस्त्यांतले या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी भरले.

उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या साथीने खरी तुलना झाली. 52 गावगटांतल्या 1,31,746 बायकांचे चार भाग केले: व्हिनेगर, पॅप स्मिअर, हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, आणि चौथ्या भागात नेहमीचीच वैद्यकीय सोय. एकदाच तपासायचं आणि आठ वर्षं लक्ष ठेवायचं. 2009 साली निकाल छापून आला. चौथ्या गटात या कॅन्सरने 64 मृत्यू, व्हिनेगरच्या गटात 56, पॅपच्या 54, एचपीव्हीच्या 34. गट जवळपास सारख्या आकाराचे होते, त्यामुळे आकडे थेट बोलतात. डाग पाहणाऱ्याच्या नजरेवर विसंबतो आणि एका भेटीत निसटू शकतो. विषाणू आहे की नाही, ते यंत्र सांगतं. मुंबईत दर दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं जात होतं, इथे आयुष्यात एकदाच.

ते 64 मला सहज वाचता येत नाहीत. तुलनेला तपासणीविना राहिलेला गट लागला, आणि तो याच गावांतून आला. त्यावर पुढे वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. त्यात विषाणू सापडला की अनेक ठिकाणी बाईला कोल्पोस्कोपीसाठी टेबलावर घेतात. डॉक्टर बोळा बुडवतात, लावतात, आणि मिनिटभर थांबतात.