नाडीपासून कार्डिओग्रामपर्यंत : आकस्मिक मृत्यूच्या भाकिताचा इतिहास

‘हृदयक्रिया एकाएकी बंद पडून निधन झाले’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांस इतके परिचयाचे आहे की, त्याचा अर्थ सहसा कोणी विचारीत नाही. हृदयक्रिया तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते. या वाक्यातील खरे शल्य ‘एकाएकी’ या शब्दात आहे. संध्याकाळी देवळाच्या पारावर गप्पा मारीत बसलेला माणूस सकाळी उठत नाही, आणि मग घरची मंडळी एकच प्रश्न जन्मभर उगाळीत राहतात : आधी काही कळले असते का? हृदयाच्या ठोक्यांत या मृत्यूची चाहूल लागते काय, याचा शोध मनुष्य कित्येक शतके घेत आला आहे. त्या शोधात त्याच्या हाती काय आले, ते आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

आपल्याकडे हा शोध वैद्याच्या तीन बोटांपासून सुरू होतो. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत मनगटाच्या नाडीची परीक्षा आढळत नाही. ती स्पष्टपणे दिसते ती तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या शार्ङ्गधरसंहितेत. वाताची नाडी जळू किंवा सर्पासारखी, पित्ताची कावळा किंवा बेडकासारखी, कफाची हंस किंवा पारव्यासारखी चालते, अशी तेथील वर्णने आहेत. पुढे योगरत्नाकर या ग्रंथात रोग्याच्या आठ परीक्षा सांगितल्या आहेत आणि त्यांत पहिला मान नाडीचा आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, थांबून थांबून चालणारी नाडी शार्ङ्गधराने प्राणघातक मानली आहे. ठोक्यांच्या लयीवरून मृत्यूचे भाकीत करण्याचा हा आपल्याकडील जुना दाखला होय. मात्र या भाकिताचा उपयोग बहुधा एवढाच होई की, वैद्याने हात सोडावा आणि घरच्यांनी गंगाजल जवळ आणून ठेवावे.

बोटांना लय कळते, पण ती कागदावर उतरत नाही, आणि जे कागदावर उतरत नाही ते दुसऱ्यास तपासून पाहता येत नाही. युरोपात जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने नाडी मोजण्यासाठी एका मिनिटाचे खास घड्याळ करवून घेतले व १७०७ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे १८४७ साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटविणारे यंत्र वापरले. श्वास आत घेताना ठोके जलद पडतात आणि सोडताना मंदावतात, हे त्या रेघेत दिसून आले. म्हणजे निरोगी हृदय घड्याळाच्या लंबकासारखे चालतच नाही! या निरीक्षणाचे खरे मोल कळावयास मात्र शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

पुढचा टप्पा मालगुंडच्या श्रोत्यांस सहज लक्षात राहील. या गावी १८६६ साली जन्मलेले कवी केशवसुत १९०५ साली हुबळीस प्लेगने गेले. त्याच १९०५ साली हॉलंडमधील लायडन शहरात विलेम आइन्थोवेन यांनी रुग्णालयातील रोग्याच्या हृदयाचा विद्युत्‌-आलेख टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर दूरच्या आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतला. त्यांच्या यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. या कार्याबद्दल त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण ज्याला नुसते ‘कार्डिओग्राम’ म्हणतो, त्याचा जन्म हा असा झाला.

कार्डिओग्राममुळे एक भेद ध्यानी आला. हृदयविकाराचा झटका येतो तो रक्तवाहिनी तुंबल्याने, आकस्मिक मृत्यू ओढवतो तो पुष्कळदा विजेच्या घोटाळ्याने. हृदयाचे खालचे कप्पे एकजुटीने आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात, रक्त पुढे सरकत नाही आणि काही मिनिटांत खेळ आटोपतो. झटक्याच्या पाठोपाठ हा घोटाळा होऊ शकतो, म्हणून लोक दोन्ही गोष्टी एकच समजतात.

परंतु कार्डिओग्राम हा काही सेकंदांचा हिशेब, आणि हृदय तर दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते. ही उणीव अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी भरून काढली. प्रारंभी त्यांनी सुमारे ३८ किलोचे यंत्र पाठीवर बांधून चालत्या माणसाचा आलेख मिळविला. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९६१ साली आला, तोवर यंत्र पुष्कळच लहान झाले होते. १९६३ साली हॉन आणि ली यांनी गर्भाच्या ठोक्यांबद्दल एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली. गर्भ संकटात सापडतो तेव्हा ठोक्यांची गती बदलण्यापूर्वीच लागोपाठच्या ठोक्यांमधील अंतराचा बारीक चढउतार मावळू लागतो. १९७८ साली ऑस्ट्रेलियात झटक्यातून वाचलेल्या रोग्यांतही तसेच दिसले. ज्यांच्या ठोक्यांत हा चढउतार शिल्लक होता, त्यांच्यात मृत्यू कमी झाले.

या चढउताराचा अर्थ काय? मिनिटाला साठ ठोके म्हणजे दर सेकंदाला बरोबर एक, असे नव्हे. कधी अंतर किंचित कमी, कधी किंचित जास्त. हृदयाला एका बाजूने चाबूक मारणारे मज्जातंतू आहेत आणि दुसऱ्या बाजूने व्हेगस नावाच्या मज्जेचा लगाम आहे. दोघांची ओढाताण चालू असते तोवर लय लवचिक राहते. खाडीत बांधलेल्या होडीच्या दोरीला थोडी ढील असली म्हणजे ती लाटेबरोबर वरखाली होते. दोरी ताठ झाली की तीच लाट होडीला हिसका देते. लगाम सुटलेल्या हृदयाचे काहीसे असेच होते.

१९८७ साली रॉबर्ट क्लायगर व सहकाऱ्यांनी ही गोष्ट आकड्यांत मांडली. झटक्यातून वाचलेल्या ८०८ रोग्यांचा दिवसभराचा आलेख त्यांनी तपासला. ज्यांच्या ठोक्यांमधील अंतराचे प्रमाण विचलन सेकंदाच्या ५० सहस्रांशांहून कमी होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० सहस्रांशांहून अधिक विचलन असलेल्यांच्या ५.३ पट आढळला. शार्ङ्गधराला नाडीच्या खंडात मृत्यू दिसला. या संशोधकांना तो अतिनियमितपणात दिसला.

आता कोणास वाटेल की प्रश्न सुटला. तसे झाले नाही, आणि इतिहासाचा खरा बोध येथेच आहे. चुकार ठोके धोक्याची खूण आहेत, तेव्हा औषधाने ते बंद करावेत, हा विचार किती सरळ! पण १९८९ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत उलटेच दिसले. औषधांनी चुकार ठोके थांबले, आणि औषध घेणारे अधिक संख्येने मेले. दुसरा प्रयोग यंत्राचा. मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नाने १९८० साली बाल्टिमोर येथे विजेचा धक्का देऊन लय पूर्ववत करणारे यंत्र प्रथम माणसाच्या शरीरात बसविले गेले. त्याने पुढे अनेकांचे प्राण वाचविले. परंतु झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, हृदय दुबळे झालेल्या व लयीचा लवचिकपणा गमावलेल्या ६७४ रोग्यांवर चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २००४ साली आला. यंत्र बसविलेल्यांत लयबिघाडाचे मृत्यू कमी झाले, पण इतर कारणांचे वाढले. एकूण संख्या घटली नाही. तात्पर्य, आकडा धोका दाखवितो. तो धोका कोणत्या वाटेने येणार, हे सांगत नाही. शिवाय तो समूहाविषयी बोलतो, समोर बसलेल्या एका माणसाविषयी नव्हे. म्हणूनच आजही असे यंत्र कोणास बसवावे हे ठरविताना डॉक्टर मुख्यतः हृदय किती जोराने रक्त बाहेर ढकलते ते पाहतात.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम चालू आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व मुंबईची आय. आय. टी. येथील संशोधकांनी २००७ साली ‘नाडी-तरंगिणी’ हे नाडीचे तरंग नोंदविणारे यंत्र मांडले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे व आलेख दूरच्या डॉक्टरकडे धाडणारे कार्डिओग्राम यंत्र तयार केले. लायडनचा दीड किलोमीटरचा प्रयोग आता खेड्यातून करता येण्याजोगा झाला आहे.

पण आलेख डॉक्टरकडे पोहोचला तरी रोगी पोहोचलेला नसतो. मालगुंडाहून रत्नागिरीचे रुग्णालय २५-३० किलोमीटर दूर, आणि थरथरणाऱ्या हृदयापाशी अवधी काही मिनिटांचा. १९६० साली बाल्टिमोरच्याच कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी दाखवून दिले की, छातीच्या मध्यभागी नुसत्या हातांनी दाब देऊन रक्त फिरते ठेवता येते. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाच्या छातीवर सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मदत येईतो न थांबता. तोवर दुसऱ्याने १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ही विद्या शिकावयास पदवी लागत नाही. एक दुपार पुरते. भाकीत अजून अपुरे आहे आणि ते पुरे होण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पूर्वी नाडी थांबली की भोवतालचे लोक हात जोडीत. यापुढे त्यांनी ते हात छातीवर ठेवावेत, एवढेच आमचे सांगणे आहे.