शंभरीनंतर काय?

मंडळी, नातवाच्या 'स्कायरिम' या खेळाचा इतिहास जरा खणून पाहिला. अमेरिकेतल्या बेथेस्डाने तो २०११ साली काढला. एकहाती शस्त्र, चोरी, किमया अशी १८ कौशल्ये, प्रत्येकाची कमाल १००. (पैकीच्या पैकी! आमच्या वेळी मराठीला कोण देत होतं?) शंभरीनंतरही नातवाने मुद्दाम तासभर तलवार चालवून पाहिली. आकडा हलेना. बरं, पात्राची पातळी वाढते तीही कौशल्ये वाढली तरच. म्हणजे अठराही शंभर झाली की ८१व्या पातळीवर सगळंच ठप्प! मार्च २०१३ मध्ये कंपनीने वाट काढली: शंभरचं कौशल्य आपणहून १५वर आणा, खर्ची घातलेले गुण परत घ्या, पुन्हा शिका. मला हे फार पटलं, जरी १५वर आल्यावर वार पूर्वीसारखे बसत नाहीत.